सातापेक्षा नऊ मोठा

जुन्या सिंथेसायझरांच्या नादी लागलेल्या माणसांतही खानदानी आणि फुटकळ असा भेद असतो. खानदानी मंडळी ॲनालॉग बाळगतात. मिनीमूग, ज्युपिटर-८ ही नावं घेताना त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. वाद्याला लाकडी कडा, वर भरपूर नॉब, आणि किंमत अशी की त्या पैशात दारात चारचाकी उभी राहावी. मी फुटकळांतला. मला १९८०च्या दशकातले डिजिटल सिंथ आवडतात, आणि त्यातलेही असे, की जे त्या काळीसुद्धा कुणाला फारसे आवडले नव्हते.

यामागे तत्त्वज्ञान आहे. निदान बायकोला सांगण्यापुरतं तरी आहे. रोलँड कंपनीनं १९८१मध्ये टीबी-३०३ नावाची चपटी चंदेरी डबी काढली. बास गिटारवाला मिळाला नाही तर त्याची जागा ही घेईल, असा दावा होता. पण ती बास गिटारसारखी अजिबात वाजेना. तीन वर्षांत कंपनीनं ती बंद केली आणि दुकानदारांनी मिळेल त्या भावात फुंकून टाकली. मग शिकागोतल्या पोरांच्या हाती ती लागली, त्यांनी तिचे कान नको तितके पिळले आणि ॲसिड हाउस नावाचं अख्खं संगीत उभं राहिलं. त्याच्याही आधी, १९८२मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच डबी घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. ती रेकॉर्ड तेव्हा पडली. २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे जाणकार तोंडात बोटं घालून बसले.

हे सगळं मी हिला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "मग ते तीनशे तीन का नाही घेतलंस?"

"आता परवडत नाही."

"म्हणजे भाव यायच्या आधी घ्यायचं असं तुझं धोरण. आणि तू घेतलंस की भाव येत नाही."

धोरणाची इतकी नेमकी मांडणी मला स्वतःला जमली नव्हती.

तर याच धोरणानं मी या खेपेला हेरला तो यामाहाचा डीएक्स-९. त्याचं गोत्र सांगितल्याशिवाय त्याचं दुःख कळायचं नाही. १९६७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचा संगीतकार संगणकावर व्हायब्राटोचे प्रयोग करत बसला होता. एका सुराला दुसऱ्या सुरानं हलवायचं. सावकाश हलवलं की आंदोलन ऐकू येतं. पण हलवण्याचा वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर कान हेलकावे मोजायचं सोडून देतो आणि त्याला भलताच नवा आवाज ऐकू येऊ लागतो. दोन सुरांच्या वेगांचं प्रमाण पूर्णांकात ठेवलं तर आवाज सुरेल, बासरी-पितळी वाद्यांच्या जातीचा. एकास एक पूर्णांक चार असं वाकडं ठेवलं की घंटा. याचंच नाव एफएम संश्लेषण. अमेरिकेतल्या ऑर्गनवाल्यांना यात काही दम दिसला नाही. जपानच्या यामाहाला दिसला. पुढं या शोधाच्या पेटंटनं स्टॅनफर्डला दोन कोटी डॉलरहून जास्त मिळवून दिले. मधल्या काळात विद्यापीठानं चाउनिंगला कायम करायचं नाकारलं होतं आणि मग परत बोलावून घेतलं होतं, पण ते असो. विद्यापीठं सगळीकडे सारखीच.

यातून १९८३मध्ये डीएक्स-७ आला आणि गाजला. त्या दशकातल्या निम्म्या प्रेमगीतांत टिणटिणणारा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो त्याचाच. त्याच वर्षी कंपनीनं स्वस्तातला म्हणून डीएक्स-९ काढला. आतली आवाज काढणारी मुख्य चिप तीच. पण मोठ्याला सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांना हलवणारे सूर, तर याला चारच वापरू दिले. मोठ्यात बत्तीस आवाज साठतात, यात वीस. मोठ्याला कार्ट्रिजची खाच, याला कॅसेट रेकॉर्डरची वायर. सगळ्यांत वाईट म्हणजे पट्टी हळू दाबली की जोरात, हे याला कळत नाही. धाकट्याची हुशारी मोठ्याइतकीच असावी आणि तरी घरच्यांनी त्याला मोठ्याचे आखूड झालेले शर्ट घालून शाळेत पाठवावं, तशातली गत. हे वाचल्यावर माझा ऊर भरून आला. मीही घरात धाकटा आहे.

एक नग इचलकरंजीत निघाला. मालक एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवून निवृत्त झालेले मास्तर. अंगात बंडी, तोंडात पान, आणि कॉटखालून चादरीत गुंडाळलेलं ते धूड ओढून काढताना चेहऱ्यावर कसलीही माया नाही.

"मी सात मागितलावता," ते म्हणाले. "मेव्हणा होता कुवेतला. त्याला चिठ्ठीत लिवून दिलं, डीएक्स सात आण. गडी दुकानात गेला, बघतोय तर शेजारी नऊ. आणि स्वस्त! मग नऊच उचलला की त्यानं. सातापेक्षा नऊ मोठा, त्याची काय चूक?"

"मग?"

"मग काय, वाजीवला आयुष्यभर. लोक कॅसिओच म्हणत्यात सगळ्याला. प्रेमाचं गाणं असो नाहीतर खलनायकाची एंट्री, आवाज एकाच जोराचा. पायानं व्हॉल्यूम पेडल हलवून हलवून ह्यो गुडघा गेला."

मास्तरांनी गुडघा दाखवला. कोणताही शहाणा माणूस तिथून चहा पिऊन परत आला असता. मी घासाघीस न करता पैसे मोजले. निघताना मास्तर मला एसटी स्टँडापर्यंत सोडायला आले. ते माझ्यावरच्या लोभापोटी असावं असं मला वाटलं. आता वाटतं, मी परत फिरत नाही ना याची खात्री करायला आले असावेत.

घरी आणून जोडला. त्याला स्वतःचा स्पीकर नाही, म्हणून हॉलमधल्या म्युझिक सिस्टिमला. पट्टीचा जोर न कळणं हा जो त्याचा जगप्रसिद्ध दोष, तो माझ्या वादनाला मात्र मानवला. मी भावपूर्ण वाजवलं काय आणि डास मारल्यासारखं वाजवलं काय, ऐकणाऱ्याला फरक कळायची सोयच नाही. खरी मजा होती नवे आवाज घडवण्यात. दोन ओळींचा एवढासा पडदा, एक सरकता दांडा आणि हिरवट सपाट बटणं, जी दाबली गेली की नाही हे बोटाला कधीच समजत नाही. त्यावर एकेक आकडा बदलत जायचं. ७४चा ७५ केला की बासरी जरा गोड होते. ७६ केला की गिरणीचा भोंगा. हे का होतं याचं गणित आहे, आणि ते मला येत नाही. डिजिटल एफएमला लोक थंड, काचेरी, निर्जीव म्हणतात, ते मला पटत नाही. इतक्या लहरी वस्तूला निर्जीव कसं म्हणायचं?

महिनाभर जागून मी एक घंटा घडवली. चाउनिंगसाहेबांचं एकास एक पूर्णांक चार वापरून. देवळातली, चांगली पितळी, आणि पट्टी सोडल्यावरही घुमत विरत जाणारी. ती इतकी खरी उतरली की गणपतीत सोसायटीच्या आरतीला साथ करतो, असं मी आपणहून सांगून बसलो. सेक्रेटरींनी "कॅसिओ आहे का तुमच्याकडे? आणा की" म्हणून परवानगी दिली. पहिल्या कडव्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग टाळ्यांचा जोर वाढला, झांजा चढल्या, आणि माझी घंटा आपल्या मूळच्या एकाच जोरानं वाजत राहिली. ऐकू जाईना म्हणून मी स्पीकरचा आवाज वाढवला. वाढवताना कोपर दांड्याला लागलं. कोणता आकडा कुठे गेला देव जाणे, पण जो आवाज निघाला तो ऐकून वॉचमन पार्किंगमधून धावत वर आला आणि लिफ्टच्या दाराला डोळा लावून "घाबरू नका, काढतो" असं आतल्या न अडकलेल्या माणसांना सांगू लागला. निम्मी आरती लिफ्टपाशी गेली. प्रसाद वाटताना सेक्रेटरी मला म्हणाले, "उद्या तुम्ही टाळ घ्या."

एवढ्यावर निभावलं असतं. पण या यंत्रांच्या पोटात एक चपटा सेल असतो. वीज बंद असताना आवाज जपून ठेवायचं काम त्याच्याकडे. मास्तरांच्या काळात बसवलेला तो सेल आता शेवटच्या घटका मोजत होता. तो गेला की वीसच्या वीस आवाज गेले, माझ्या घंटेसकट. बदलायचा तर यंत्र उघडून झाळकाम करायला हवं, आणि त्या आधी आवाज दुसरीकडे उतरवून ठेवायला हवेत. ते उतरवायचे कॅसेटवर.

मुलगा म्हणाला, "बाबा, फोनवर रेकॉर्ड करा ना. आवाजच आहे तो." त्याचं बरोबर होतं. डीएक्स-९ आपली सगळी माहिती दोन कर्कश स्वरांच्या चिवचिवाटात बदलून बाहेर सोडतो, आणि तो चिवचिवाट कशावरही टिपता येतो. पण मी काही ऐरागैरा नव्हतो. १९८३चं यंत्र आहे, तर १९८३च्या रीतीनंच व्हायला हवं. मी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला आणि कॅसेटींचा खोका काढला.

बहुतेक फिती बुरसटलेल्या. एक मात्र चांगली निघाली. वेष्टण कुठल्याशा कोळीगीतांचं. कॅसेटवरचा कागद निघून गेलेला, आणि वरच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडलेल्या. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना ठाऊक असेल, ही टिकली मोडली की त्यावर पुन्हा भरता येत नाही. विकतच्या कॅसेटींना ती नसतेच. म्हणजे ही विकतची कोळीगीतं, असा मी निष्कर्ष काढला आणि दोन्ही भोकांवर नीट, सुरकुती न पडू देता, सेलोटेप चिकटवली. घरच्या कॅसेटचीही टिकली कुणी मुद्दाम, जपण्यासाठी, मोडून ठेवू शकतं, हे मला सुचलं नाही.

उतरवायला फार वेळ लागला. आवाजाची पातळी कमी झाली तर यंत्र पडताळणीत चूक दाखवतं, जास्त झाली तरी दाखवतं. प्रत्येक खेपेला मी जुन्या चिवचिवाटाच्या पुढे नवा भरत गेलो. बाजू संपत आली तेव्हा एकदाचं सगळं जुळलं. मी हिला हाक मारून पडदा दाखवला. ती म्हणाली, "छान. हा आवाज आता बंद होणार ना?"

भाऊबीजेला साताऱ्याची आत्या आली. जेवणं झाल्यावर तिला टेपरेकॉर्डर दिसला आणि तिचे डोळे चमकले.

"अरे, चालतो हा? मग जिजीच्या ओव्यांची कॅसेट लाव ना. नानांनी भरलेली. हरवू नये म्हणून त्यांनी ती टिकली मोडून ठेवली होती. मीच ती त्या कोळीगीतांच्या डबीत ठेवली, म्हटलं पोरं हात लावायची नाहीत."

मी तेव्हा पानाचा विडा लावत होतो. चुन्याचं बोट तसंच राहिलं. तोवर मुलानं कॅसेट लावलीसुद्धा.

चिवचिवाट सुरू झाला. आत्यानं मान कलती करून ऐकलं. थोड्या वेळानं दुसरा सुरू झाला. मग तिसरा. कुणी काही बोलेना. मी एफएम संश्लेषणाचा इतिहास सांगायला सुरुवात केली, पण चाउनिंगपर्यंत पोचायच्या आत हिनं माझ्याकडे पाहिलं. शेवटी चिवचिवाट संपला, थोडी खरखर झाली, आणि बाजूच्या अगदी टोकाला, माझ्या हातून वाचलेल्या फितीतून, जिजीचा खणखणीत आवाज आला, "पुरे झालं रे आता, बंद कर ते मशीन!"

आधी मुलगा हसला. मग ही. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. सुरुवातीपासून, चिवचिवाटासकट. म्हणाली, आधी ते ऐकल्याशिवाय जिजीच्या बोलण्याला गंमत नाही.

कॅसेट ती साताऱ्याला घेऊन गेली. जाताना सेलोटेप काढून तिची गोळी करून माझ्या हातात ठेवली. माझ्याकडच्या यंत्रातला सेल दिवाळी संपता संपता गेला, तेव्हा माझे वीसही आवाज आता तिच्या कपाटात, शालींच्या खाली. सेल बदलून झाला, पण आवाज परत भरायचे तर कॅसेट हवी, आणि ती कॅसेट आत्या घराबाहेर जाऊ देत नाही. तिच्या मुलानं मधला मार्ग म्हणून अख्खी बाजू मोबाइलवर टिपली आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. काकांनी हात जोडले, चुलत बहिणीनं "जिजी ❤" लिहिलं, आणि नाशिकच्या मावशींनी हे पक्षी कुठले म्हणून विचारलं. मी तो संदेश डीएक्स-९मध्ये भरून पाहिला. चूक दाखवतो. पातळी कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. व्हॉट्सॲपनं त्यातलं काय काय गाळलंय कोण जाणे. तेव्हा यंत्र चादरीत गुंडाळून साताऱ्याला जाणं आलं. आत्याला फोन केला तर म्हणाली, ये, पण आधी आम्ही सगळे ऐकणार, मग तुझं ते काय भरायचं ते भर.