नळ येण्याच्या आत कोकण

पावसाळ्यात कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात जायचे असेल, तर तारीख पंचांगावरून ठरवू नका आणि हवामानाच्या अंदाजावरून तर मुळीच नका. संभाजीनगरकराने ती नळावरून ठरवावी. नळ आले, टाकी, ड्रम, हंडे आणि दिवाळीच्या फराळाची पातेली भरून झाली, की दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे. पुढचा नळ यायच्या आत परत. आमच्या भागात एवढ्यात आठवडा मिळतो, आणि आठवड्यात हरिहरेश्वर ते गुहागर निवांत होते. खात्री नसेल तर मोटर लावायला सासऱ्यांना घरी ठेवावे. त्यांना कोकण दमट वाटतेच.

आपल्याला काफिल्याची सवय नाही, असे कोणी म्हटले तर त्याला दौलताबादकडे बोट दाखवा. 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना चुलीमुलांसकट इकडे हलवले आणि काही वर्षांनी परत न्यायची वेळ आली. नान-खलिया तेवढा आपल्याकडे राहिला, असे शहरात सांगतात. आपल्या सहलीतूनही बहुधा तेवढेच हाती लागते.

गाडीचे म्हणाल, तर राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याची बातमी वाचून आमच्या मेव्हण्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. ओळखीच्या मिस्त्रीकडून तिच्यात दोन पलंग, शेगडी, पडद्यामागे संडास आणि 100 लिटरची टाकी बसवली. छताला काच लावली. "पडल्या पडल्या चांदणं दिसेल, दाजी!" जुलैत कोकणात चांदणे दिसत नाही. काच नेमकी कुठे आहे, हे मात्र रात्रभर कळत राहते. तिच्याखाली फराळाचे पातेले ठेवावे, म्हणून ती सगळीच घरी भरून ठेवू नयेत.

पुण्यापर्यंत काही शिकण्यासारखे नाही. पुढे मुळशीवरून ताम्हिणी घाट. जुलै 2024 मध्ये इथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आपल्या जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्यात जेमतेम तेवढा पडतो. मराठवाड्याचा माणूस हे ऐकून भीत नाही, हळहळतो. "जायकवाडीवर पडला असता तर!" हे वाक्य गाडीतल्या प्रत्येकाने एकदा म्हणून घ्यावे म्हणजे घाटात लक्ष रस्त्यावर राहते. एवढे मात्र गंमत बाजूला ठेवून सांगतो: दरडीच्या बाजूला धबधबा बघायला गाडी उभी करू नका, आणि पुलावरून पाणी जात असेल तर मागे फिरा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला होता.

किनाऱ्यावर पोचलात की कालदर्शिका बाहेर काढा. घरी तिच्यावर आपण नळाच्या दिवसाला गोल करतो, इथे भरतीला करायचा. हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती साधारण सहाला आणि पूर्ण ओहोटी बाराच्या सुमारास. गणित चुकले तरी चालेल, फक्त गाडी पुळणीवर नेऊ नका. आम्ही नेली. ओल्या वाळूत मागची चाके बसली आणि समुद्र पुढे सरकू लागला. मेव्हणे म्हणाले, तिथी कृष्ण पक्षातली की शुक्ल, हे आधी बघायला हवे होते. खरे तर सूत्राला पक्षाने फरक पडत नाही, पण ट्रॅक्टरवाल्याशी भाव ठरवताना तेवढाच विरंगुळा.

अंतुल्यांच्या काळापासून ज्याची चर्चा आहे, त्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे वैशिष्ट्य असे, की तो मधून मधून समुद्रातून जातो. खाड्यांवरचे पूल सगळीकडे झालेले नाहीत. तिथे गाडी जंगलजेटीत चढवायची: बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. वारा वाढला की जेटी बंद. मग एक तर आंबेत-म्हाप्रळसारखा वळसा घ्यायचा, नाहीतर गाडीतच स्वयंपाक करायचा. जेटीवरच्या माणसाला "कधी सुटेल?" असे विचारू नये. आम्ही विचारले. तो खाडीकडे बघत म्हणाला, "तिला विचारा."

स्वयंपाकात ताजे पापलेट धरू नका. 1 जूनपासून जुलैअखेर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे सुकट, सोडे आणि सुके बोंबील. ते बंद गाडीत भाजू नयेत. याचे कारण तुम्हाला गाडी विकताना कळेल. पापडही नेऊ नका, दुसऱ्या दिवशी त्यांची पोळी होते.

आता सर्वांत अवघड भाग, पाणी. बाहेर चोवीस तास धारा, पागोळ्या, ओहोळ. आणि आत आमच्या वहिनी आंघोळीला अर्धी बादली मोजून देत होत्या. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे संडासाला. चूळ भरताना नळ चालू ठेवला म्हणून धाकट्याला रागे भरल्या. केळशीजवळ ज्यांच्या अंगणात गाडी लावली होती, त्या आजी दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, विहीर काठोकाठ आहे, घ्या की!" वहिनींनी घागरभर घेतले. मग आजींनीच सांगितले, की मे महिन्यात वरच्या वाडीत टँकर येतो. जांभा दगड पाणी धरत नाही, उतारावरून सगळे समुद्रात जाते. हे ऐकल्यावर वहिनींची त्यांच्याशी जी गट्टी जमली, ती कुठल्याही देवळात किंवा किनाऱ्यावर जमली नव्हती. ड्रमला झाकण कसे बसवावे, तुरटी किती फिरवावी, टँकरवाल्याला चहा द्यावा की नाही, रात्री साडेदहापर्यंत चालले होते.

निघताना टाकी विहिरीच्या पाण्याने भरून घ्या. वजन वाढते, घाटात गाडी कण्हते, मेव्हणे डिझेलचा हिशेब मांडतात. ऐकू नका. आपण नसताना शहरात जलवाहिनी फुटलेली असते आणि नळाचा दिवस दोन दिवस पुढे गेलेला असतो. गल्लीत शिरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. इंजिन बंद व्हायच्या आत शेजारच्या काकू फाटकाशी आल्या. कोकण कसे होते, पाऊस किती होता, हे काही त्यांनी विचारले नाही. टाकीवर बोटाने टकटक करून म्हणाल्या, "केवढ्याची आहे हो?" दुसऱ्या हातात बादली होतीच.