थंड इंजिन, गरम चर्चा

दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी सकाळी चालू होताच खडखडली, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये वैद्यकीय मंडळ भरते. पहिल्या मजल्यावरचे काका 'टायमिंग चेन' म्हणतात, वॉचमन 'बेअरिंग' म्हणतो आणि मालक गाण्याचा आवाज वाढवतो. डिपस्टिक ओढून ऑइल पाहायचे कुणालाच सुचत नाही. त्यात मत मांडायला वाव नसतो ना!

खरे तर आवाजाची वेळच बरेच सांगून जाते. रात्रभरात ऑइल खाली उतरते. ते वर चढेपर्यंत दोन-तीन सेकंद टकटक झाली, तर संशय हायड्रॉलिक टॅपेटवर, चेनच्या टेन्शनरवर किंवा ऑइल धरून न ठेवणाऱ्या फिल्टरवर. किंचाळली तर बहुधा बेल्ट. इंजिन तापल्यावरही खोल ठोके पडत राहिले, तर गाडी टोचन करूनच न्यावी.

गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी गरम असते, म्हणून मेकॅनिकसमोर अवाक्षर काढत नाही. तिला तिथे रात्रभर मुक्कामाला ठेवायला हवे. पण एवढा धीर कुणाला? त्यापेक्षा विकायला काढणे सोपे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन आठवणीने गरम करून ठेवले जाते. तेवढ्यापुरते निदान सगळ्यांचे अचूक असते.