कॅमेरा सुखरूप आहे

सह्याद्रीत भटकणाऱ्या कुठल्याही कंपूत एक लीडर असतो, एक उशिरा येणारा असतो, एक चहा उत्तम करणारा असतो आणि एक कॅमेरेकर असतो. पहिले तिघे नसले तरी ट्रेक होतो. कॅमेरेकर नसला तर तो दोन तास आधी संपतो.

रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये त्याला शोधावं लागत नाही. इतरांच्या सॅक वरच्या फळीवर, याची मांडीवर. चोराला संशय येऊ नये म्हणून त्याने कॅमेऱ्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावलेली असते आणि अख्खी कॅमेऱ्याची बॅग कुठल्याशा बँकेने फुकट दिलेल्या कळकट पिशवीत कोंबलेली असते. ही युक्ती चांगली आहे. जगभरचे फिरस्ते ती वापरतात. फक्त ते मग समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला ‘यात काय आहे माहितीये का?’ असं विचारत नाहीत. आसनगाव येईपर्यंत निम्म्या डब्याला आतल्या ऐवजाची किंमत कळलेली असते.

हा कॅमेरा त्याने विकत घेतला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याने तो निवडला. निवड दोन पावसाळे चालली होती. त्या काळात फुल फ्रेम की क्रॉप हा प्रश्न त्याने ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर शोकसभेनंतरच्या चहावर चर्चेला घेतला. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा. त्याहून लहान तो क्रॉप. लहान सेन्सरचा कॅमेरा हलका, त्याच्या लेन्सही हलक्या, म्हणजे डोंगर चढणाऱ्या माणसाने तोच घ्यावा. हे सगळं कॅमेरेकर तुम्हाला पाऊण तास समजावून सांगतो. तुम्हाला पूर्णपणे पटतं. मग तो फुल फ्रेम घेतो.

त्यानंतर येतं सीलिंग. कॅमेऱ्याच्या सांध्यांना आणि बटणांखाली रबराच्या कडा असल्या की धूळ-पाणी चटकन आत शिरत नाही. पण बॉडीला सील आणि लेन्सला नाही, तर पाणी लेन्सच्या बाजूने शिरणारच. म्हणून सीलवाली लेन्स घेणं आलं. सीलवाली लेन्स महाग असते. म्हणून वहिनींना एक आकडा सांगितला जातो आणि फोर्टमधल्या बोरा बाजारात दुसराच मोजला जातो. आता एवढं सगळं बंदिस्त यंत्र घेतलंच आहे, तर ते पावसात वापरावं की नाही?

“वेडा आहेस का? कंपनी वेदर रेझिस्टंट म्हणते. वॉटरप्रूफ कुठे म्हणते?”

यात तो शंभर टक्के बरोबर आहे, ही आमची खरी अडचण.

तर पावसापासून बचाव. सॅकला बाहेरून कव्हर. आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी, तिच्या तोंडाला पीळ देऊन रबरबँड. तिच्यात कॅमेऱ्याची बॅग. बॅगेत घट्ट झाकणाचा डबा, डब्यात टॉवेल, टॉवेलात कॅमेरा. लेन्सला जाड लोकरी मोजा. फिल्टर, बॅटऱ्या आणि कार्डं धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांत. हे झालं रोजचं. मुसळधार असेल तर हॉटेलात मिळालेली अंघोळीची प्लास्टिक टोपी कॅमेऱ्यावर चढते. या सगळ्यात कॅमेरेकरचे स्वतःचे कपडे बसत नाहीत. त्याचा सुका टी-शर्ट दुसऱ्याच्या सॅकमध्ये असतो, त्याच्या वाटणीचे तांदूळ तिसऱ्याच्या. एकच टॉवेल आणलेला असतो आणि तो डब्यात असतो. मुक्कामी पोचल्यावर कॅमेरा कोरडाठाक आणि मालक पागोळीसारखा गळतोय, असं ते चित्र असतं. रेंज मिळाली की तो घरी फोन करतो. “पोचलो. कॅमेरा सुखरूप आहे.” पलीकडून वहिनी काही विचारतात. “हो, मी पण,” असं उत्तर जातं.

पाऊस हा निदान दिसणारा शत्रू. कॅमेरेकरची झोप उडते ती बुरशीने. लेन्सच्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू उगवतात, आणि एकदा त्यांनी काचेवरचा लेप खाल्ला की पुसून काही उपयोग नसतो. हवेतली आर्द्रता साठ-पासष्टच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचं फावतं. पावसाळ्यात मुंबईत ती ऐंशीच्या पलीकडे सहज जाते. म्हणून घरी कपाटात एक हवाबंद पेटी, पेटीत आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या. वडिलांचं बीपी किती हे त्याला विचारून सांगावं लागतं. पेटीतला आकडा तो झोपेत सांगेल. ४५. चाळीसच्या खालीही जाऊ द्यायचा नाही, रबर आणि वंगण सुकतं म्हणे. सिलिका जेलसाठी त्याने सगळ्या सोसायटीला कामाला लावलंय. बुटांच्या खोक्यातली, औषधांच्या बाटल्यांतली, पर्समधली पुडी कुणी टाकत नाही, कॅमेरेकरांकडे देतात. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करायचे. हा कार्यक्रम रविवारी सकाळी गॅसवर, जुन्या तव्यात चालतो. तो तवा जुना कधी झाला, हा त्या घरातला वेगळा विषय आहे.

त्याची दैवतंही बघण्यासारखी आहेत. पहिलं गेलन रॉवेल. हा अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार छातीशी लहानशी पिशवी बांधून डोंगरात चक्क पळायचा. १९८१ साली ल्हासात त्याला इंद्रधनुष्य दिसलं. त्याचं टोक पोताला राजवाड्यावर टेकलेलं यावं म्हणून तो त्या विरळ हवेत धावत सुटला आणि नेमक्या जागी पोचून त्याने फोटो काढला. कॅमेरेकर ही गोष्ट प्रत्येक ट्रेकला सांगतो. बसून सांगतो, कारण एक किलोची बॉडी, दीड किलोची ७०-२०० लेन्स, दोन किलोची तिपाई आणि वरचा सगळा संसार घेऊन उभ्याने बोलता येत नाही.

दुसरं दैवत हिलरी. एव्हरेस्टवर जाताना त्याने कॅमेरा गारठू नये म्हणून शर्टाच्या आत ठेवला होता, आणि २९ मे १९५३ ला शिखरावर तेनसिंगचा तो प्रसिद्ध फोटो काढला. हिलरीचा स्वतःचा शिखरावरचा फोटो नाही. कॅमेरेकरला याचं फार अप्रूप, कारण आमच्या कुठल्याच फोटोत तोही नसतो. फरक इतकाच, की त्याने काढलेल्या फोटोंत आम्हीही फारसे नसतो. त्याचे बरेचसे फोटो ‘आता ढग हटेल’ या टप्प्यावरच राहिलेले असतात. डबा उघडून, टॉवेल सोडून, मोजा काढून तो डोळ्याला कॅमेरा लावतो, तोवर धबधबा ढगात गेलेला असतो. आम्ही मात्र ‘हलू नका’ म्हटल्यावर जे उभे राहिलेलो असतो, ते तसेच असतो.

हिलरीच्या शर्टावरून त्याने बॅटरीचा धडा घेतला. थंडीत लिथियमची बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून ती रात्री अंगाशी, स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायची. लडाखात हे अगदी योग्य आहे. कॅमेरेकर ते हरिश्चंद्रगडावर सप्टेंबरमध्ये करतो.

त्याच सप्टेंबरातली ही गोष्ट. पाचनईच्या वाटेने आम्ही भिजत वर आलो आणि देवळाजवळच्या झापात उतरलो. मावशींनी पिठलं-भाकरी दिली आणि कॅमेरेकरची गुंडाळी न्याहाळत म्हणाल्या, “त्येला चुलीपाशी ठेव की दादा, वाळंल.” तो इतका दचकला की हातातली भाकरी खाली पडली. चुलीचा धूर, राख, आणि फुल फ्रेम! त्या रात्री कॅमेरा झापाच्या मधोमध, चुलीपासून आणि पागोळ्यांपासून सारख्या अंतरावर निजला. आम्ही उरलेल्या जागेत.

पहाटे पाचला त्याने सगळ्यांना उठवलं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असेल तर आपली सावली धुक्यावर पडून भोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं, इंद्रवज्र. कर्नल साइक्सने १८३५ मध्ये ते इथूनच पाहिलं असं सांगतात. त्यानंतर कॅमेरेकर वाट बघतोय. आम्ही शिव्या देत अर्धा तास चाललो, कड्याच्या काठाशी पालथे पडलो, आणि धुक्याशिवाय काही नाही म्हणून परत झोपायच्या बेतात होतो. साडेसातच्या सुमारास पाठीमागे ऊन पडलं.

आणि खाली दरीत ते होतं. पूर्ण गोल, सातही रंगांचं, मधे आपली सावली. आमच्यातला एकही माणूस धड वाक्य बोलू शकला नाही. कॅमेरेकर तेवढा कामाला लागला. तिपाई उभी, डबा उघडा, टॉवेल बाजूला, मोजा दातात. काचेवर बाष्प नाही, बुरशी नाही, पाण्याचा थेंब नाही. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

बॅटऱ्या झापात होत्या. स्लीपिंग बॅगेत. उबेत.

रॉवेलची आठवण काढण्याएवढं निर्दय आमच्यात कुणी नव्हतं. पळून येऊन-जाऊन उपयोगही नव्हता. मिनिटभरात धुकं वर आलं आणि सगळं पुसलं गेलं. आमच्यातल्या कॉलेजातल्या पोराने मात्र फोनवर एक फोटो मारला होता. कॅमेरेकरने फोन हातात घेतला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला. “हायलाइट्स जळलेत. सावल्यांत नुसता रवा आहे.” मग तो जरा वेळ काही बोलला नाही. या चमत्काराची एक गंमत आहे: कडं प्रत्येकाला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, त्यामुळे फोटोत ते पोराच्या सावलीभोवती आलं होतं. कड्याच्या जरा बाहेर, तीन पायांच्या यंत्रावर वाकलेली एक सावली होती. आमच्या इतक्या वर्षांच्या फोटोंत कॅमेरेकर आलेला हा एकच.

आता खरं सांगायचं तर फोटो गेला याचं आम्हाला फार वाईट वाटलं नाही. तो नसता तर साडेसातला आम्ही घोरत असतो, आणि सूर्य कुठे हवा, धुकं कुठे हवं, हे आमच्या बापजन्मी कळलं नसतं. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याला फोटो हवा होता.

उतरताना तो गप्प होता. राजूर सोडलं तरी गप्प. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. कसाऱ्याच्या फलाटावर वडापाव खाताना त्याने हळूच विषय काढला. “मी विचार करतोय, मिररलेस घ्यावा. आत आरसा नाही, त्यामुळे बॉडी निदान तीनशे ग्रॅमने हलकी.”

“शहाणा झालास,” लीडर म्हणाला. “पाठीवरचं ओझं कमी होईल.”

“कमी कशाला?” कॅमेरेकर म्हणाला. “तेवढ्यात मॅक्रो लेन्स बसते.”