'ली' लावा आणि निर्धास्त व्हा

ही मार्गदर्शिका इंग्रजी शिकू पाहणाऱ्या स्पॅनिशभाषक नवशिक्यांसाठी आहे. विषय : क्रियाविशेषणं. मार्गदर्शिका मराठीत का लिहिली, अशी तक्रार माद्रिदहून किंवा मेक्सिको सिटीहून येण्याची भीती नाही, कारण तिथे ती कुणी वाचणार नाही. तरी उत्तर तयार ठेवलं आहे : दोन गावांच्या भांडणात पंच तिसऱ्या गावचा असावा.

पहिला धडा सोपा आहे. पहिला धडा अवघड ठेवला तर दुसऱ्याची फी कोण भरेल? तुमच्याकडे विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप घेऊन त्याला 'मेन्ते' जोडतात. 'लेन्तो'चं 'लेन्ता' आणि मग 'लेन्तामेन्ते', म्हणजे सावकाश. हे 'मेन्ते' लॅटिनमधल्या 'मन' या अर्थाच्या शब्दापासून आलं. तो शब्द स्त्रीलिंगी, म्हणून आधीचं विशेषणही स्त्रीलिंगी. इंग्रजी विशेषणाला लिंगाची भानगडच नाही. 'स्लो' घ्या, 'ली' लावा, 'स्लोली' तयार. एका दुपारीत दोनेकशे क्रियाविशेषणं सहज होतील.

फक्त एक काटकसर सोडावी लागेल. सावकाश आणि काळजीपूर्वक म्हणायचं तर तुम्ही 'लेन्ता ई कुइदादोसामेन्ते' म्हणता, म्हणजे दोघांत मिळून एकच 'मेन्ते' वापरता. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे 'स्लोली अँड केअरफुली', ज्याची त्याची शेपटी ज्याला त्याला.

आता दुसरा धडा, ज्यात पहिला मागे घेण्यात येत आहे.

बोगोटाहून लंडनला मुलाखतीसाठी आलेला एखादा उमेदवार छाती पुढे काढून सांगतो, 'आय वर्क हार्डली.' त्याला म्हणायचं असतं, मी राब राब राबतो. त्याने नियमाप्रमाणे 'हार्ड'ला 'ली' लावलेलं असतं. समोरच्यांना ऐकू येतं, मी काम जवळजवळ करतच नाही. टेबलापलीकडे शांतता पसरते. कुणी मान डोलावली तर ती प्रामाणिकपणाला दिलेली दाद समजावी. उशिरा पोचल्याबद्दल माफी मागताना त्याने 'लेट'लाही 'ली' लावलं, तर त्याचा अर्थ 'अलीकडे' होतो. म्हणजे तो हल्लीच आला, एवढंच कळतं. माफी कशाबद्दल ते कळत नाही. 'फास्ट'ला तर 'ली' लागतच नाही. उलट 'फ्रेंडली'ला जन्मापासून 'ली' आहे आणि तरी ते विशेषणच. तुमचं 'आमाब्लेमेन्ते' एका दमात होतं. इंग्रजाला त्यासाठी 'इन अ फ्रेंडली वे' असा चार शब्दांचा वळसा घ्यावा लागतो. याबद्दल त्याची कीव करायला हरकत नाही, पण मनातल्या मनात.

जागेचा प्रश्न आणखी नाजूक. 'मे गुस्ता मुचो एल काफे' हे तुमचं वाक्य निर्दोष आहे. त्याच क्रमाने 'आय लाइक व्हेरी मच कॉफी' म्हटलंत की इंग्रजाच्या कपाळावर आठी पडते. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये कुणी शिरलेलं त्याला खपत नाही. 'व्हेरी मच'ने मुकाट्याने कॉफीच्या मागे जाऊन उभं राहायचं. (मराठीत 'मला कॉफी खूप आवडते' म्हणताना 'खूप' ऐसपैस मध्ये बसतं आणि कुणाचं काही बिघडत नाही.) 'ऑल्वेज'चे नखरे वेगळे. साध्या क्रियापदाच्या ते आधी येतं, पण 'इज', 'आर', 'वॉज' दिसले की त्यांच्या नंतर. कारण विचारू नये.

काही क्रियाविशेषणं ओळखीची वाटतात. त्यांच्यापासून जपून. 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे सध्या. इंग्रजी 'ॲक्च्युअली' म्हणजे खरं तर. 'सध्या मी बायकोबरोबर राहतो' अशी साधी माहिती 'ॲक्च्युअली' लावून दिली, तर कुणीतरी भलताच संशय घेतला होता आणि तुम्ही तो खोडून काढताय, असं वाटतं. 'एवेन्तुआल्मेन्ते'चं प्रकरण पैशाचं आहे. स्पॅनिश शब्दकोशात त्याचा अर्थ प्रसंग पडल्यास, जमलंच तर. इंग्रजी 'इव्हेन्चुअली' म्हणजे वेळ लागेल, पण शेवटी नक्की. 'उसने पैसे इव्हेन्चुअली देईन,' असं तुम्ही म्हणालात की इंग्रज निश्चिंत होतो आणि तुम्हीही निश्चिंत राहता. घेणारे तुम्ही असाल तर हा घोटाळा सुधारण्याची घाई करू नये.

हे सगळं ऐकून इंग्रजीवर चिडण्याआधी घरचं पाहा. 'सोलो' म्हणजे 'फक्त', पण त्याचा 'एकटा' असाही अर्थ होतो. या एवढ्याशा क्रियाविशेषणावर आघातचिन्ह द्यायचं की नाही, यावरून तुमच्या राजेशाही अकादमीत विद्वान एकमेकांवर उखडले. 2010च्या शुद्धलेखन नियमावलीने चिन्हाची गरज नाही असं सांगितलं. काही लेखक-सदस्यांनी ते मानलंच नाही. 2023मध्ये तोडगा निघाला, की लिहिणाऱ्याला अर्थाचा घोटाळा होईलसं वाटत असेल तर त्याने खुशाल द्यावं. नियमावलीत हाच एक नियम मला मनापासून आवडला.

ज्यांना हे काहीच झेपणार नाही त्यांच्यासाठी एक प्रतिष्ठित पळवाट आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना 'मेन्ते'वाली क्रियाविशेषणं सहन होत नसत. उत्तरकाळात त्यांनी ती लेखनातून हाकलली. 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' हा त्यांच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद एडिथ ग्रॉसमन यांनी केला, तो 1988मध्ये आला. त्यांनाही 'ली' टाळण्याची सूचना होती. मग 'स्लोली'च्या जागी 'विदाउट हेस्ट' असं काहीबाही शोधत बसणं आलं. तेव्हा तुम्हाला 'ली' लावता येत नसेल तर तोंड पाडू नका. भुवई उंचावून सांगा, मी शैली म्हणून टाळतो.

स्वाध्याय (गुण 10). मेक्सिकोतला मित्र फोनवर म्हणतो, 'आओरिता येगो.' 'आओरा' म्हणजे आत्ता, आणि 'आओरिता' त्याचं लाडकं, छोटं रूप. याचं इंग्रजी करा. 'लगेच पोचतो', 'थोड्या वेळाने येतो' आणि 'तुम्ही जेवून घ्या' या तिन्ही अर्थांना पूर्ण गुण मिळतील. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 'आलोच' असं लिहून मोकळं होऊ नये. उत्तर इंग्रजीत अपेक्षित आहे.