मोज्यातलं वाण

एका संक्रांतीला मी चहाची गाळणी लुटली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

गाळणी स्टीलची होती, दुहेरी जाळीची. बायका चक्क खूश झाल्या. वाण पाहून बायका खूश होणं म्हणजे काय, हे ज्यांनी हळदीकुंकवं केली आहेत त्यांनाच कळेल. वाण पन्नास रुपयांत बसलं पाहिजे आणि पन्नासाचं दिसता कामा नये. सगळ्यांना एकसारखं हवं, पर्समध्ये मावायला हवं, आणि जिने तीन वर्षांपूर्वी दिलं तिच्याच हातात परत पडायला तर मुळीच नको. आमच्या इमारतीत फुलांची एक प्लास्टिकची परडी नऊ वर्षं घरोघर फिरते आहे. तिच्यात अजून एक फूल पडलेलं नाही. माझ्या गाळणीतून मात्र दुसऱ्याच दिवशी चहा गाळला गेला, आणि मी वाणातली जाणकार ठरले.

त्याचं फळ डिसेंबरात मिळालं. सोसायटीच्या सभेत गळक्या टाकीचा विषय संपला आणि सेक्रेटरींनी ‘मुलांसाठी नाताळ’ हा विषय काढला. मुलांना सांताक्लॉजकडून मोज्यात भेटी हव्या आहेत, मुलं बावीस, मोज्यामागे दीडशे रुपये. “खरेदी कोण करणार?” असं त्यांनी सभेला विचारलं, पण विचारताना ते बघत होते माझ्याकडे.

आम्ही बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीच्या कडेला राहतो. इथे नाताळ आम्हाला परका नाही. ऑक्टोबरात आकाशकंदील विकणारा माणूस डिसेंबरात त्याच दोरीवर, त्याच बल्बांसकट तारे विकतो. चोवीसच्या रात्री चर्चची गर्दी रस्त्यावर येते आणि रिक्षा मिळत नाही, ही आमची नाताळची पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींचं ताट. क्रोशाच्या रुमालाखाली कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम. नेवरी ही करंजीची सख्खी बहीण आणि कुलकुल शंकरपाळ्याचा कुरळ्या केसांचा भाऊ. दिवाळीत आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळात त्यांचं आमच्याकडे येतं, आणि कुठलंच ताट रिकामं परत जात नाही. इतकी वर्षं एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. मोजे कुठून आले, ते मुलांच्या शाळेला आणि टीव्हीला विचारा.

सभा संपायच्या आत माझ्या मोबाइलवर सूचना सुरू झाल्या. चॉकलेट नको, दात किडतात. चौथ्या मजल्यावरच्या बेननी कळवलं, हिरवा ठिपका पाहून घ्या, जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. स्लाइम नको, आमचा सोफा नवा आहे. गोट्या नकोत, धाकटा गिळतो. शिट्टी, पिपाणी, वाजणारं काहीही नको, यावर तर सर्वपक्षीय एकमत झालं. मुलींना गुलाबी आणि मुलांना निळं असं करू नका. सहाव्या मजल्यावरचे एक बाबा कायद्यातले. त्यांनी आठवण करून दिली की चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. सगळ्यात शेवटी एका आजोबांचा संदेश आला: “काहीतरी उपयोगी द्या.”

या सगळ्या चाळणीतून खाली काय उरतं ते मी कागदावर मांडून पाहिलं. हातरुमाल उरतो.

मुलुंडच्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, मेथीच्या बियांची पाकिटं दे, मुलांना निसर्गाची गोडी लागेल. तिच्या स्वतःच्या मुलाला मेथीची भाजी दाखवली तर तो दार लावून घेतो. घाटकोपरच्या नणंदेनं मात्र कामाचं सांगितलं: तिच्या गल्लीत रिटर्न गिफ्टचं दुकान आहे. माझं ऑफिस अंधेरीला. २०१४ साली मेट्रो झाल्यापासून अंधेरीहून घाटकोपर काही मिनिटांवर आलं आहे. त्याआधी नणंदेकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस रजा टाकावी लागे आणि तेवढंच निमित्त न जायला पुरे. ते निमित्त मेट्रोनं घालवलं.

नणंदेला घेऊन दुकान गाठलं. दुकानदारानं वय विचारलं नाही, आवड विचारली नाही. “बजेट बोलो, बेन.” मी दीडशे म्हटल्यावर त्यानं फळीवरून एकेक खोका उतरवला. पाण्याची बाटली. डबा. पैशांचा डुकराकृती गल्ला. सगळं चौकोनी किंवा पोटानं सुटलेलं. मी पर्समधून मुलाचा शाळेचा पांढरा मोजा काढला आणि काउंटरवर कंपासपेटी आत घालून पाहू लागले. पेटी पोटरीतून छान उतरली आणि टाचेशी अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. मोज्याला टाच असते ही गोष्ट सांताक्लॉजच्या चित्रांत कुणी नीट दाखवत नाही. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं शांतपणे बघत होती. पंचेचाळीस वर्षांची बाई दुकानात उभी राहून मोज्यातून कंपासपेटी उपसते आहे, हे दृश्य नणंदेनं पुढे सासरी बऱ्याच जणांना वर्णन करून सांगितलं.

तेव्हा मला कळलं की मोठी भेट निवडणं सोपं असतं. सायकल द्यायची तर सायकल द्यायची, प्रश्न फक्त पैशाचा. लहान भेटीला डोकं लागतं. त्यातून मोज्याचा हिशोब उलटा: शेवटी घातलेलं आधी निघतं आणि आधी घातलेलं शेवटी. म्हणजे सगळ्यात चांगली वस्तू पहिल्यांदा घालायची, आणि ती मुलाच्या हाती लागेपर्यंत मधल्या वस्तूंनी त्याचा धीर टिकवायचा.

लहान वस्तूंचा खरा बाजार रोज माझ्या अंगावरून जातो हे मला परतीच्या बोरिवली लोकलमध्ये आठवलं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसलं की दुकानं आपल्याकडे चालत येतात. टिकटॅक पिना, क्लचर, पोनीचे रबर, टिकल्या, फोल्डिंगच्या पिशव्या. “देखने का पैसा नहीं, दीदी.” एका पोराकडे चावीच्या छोट्या मोटारी होत्या, बरोब्बर टाचेतून उतरतील अशा. मी कायद्याला जागून विचारलं, आयएसआय आहे का? तो दांडीला धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “बीस रुपये में?” म्हणाला आणि मालाड येताच उतरला. मी तेवढ्यात बावीस क्लचर घेतले. घरी आल्यावर आठवलं की बावीसातले तेरा मुलगे आहेत.

शेवटी बोरिवली स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात शरण गेले. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनचे खडू, पेन्सिली, फळांच्या आकाराचे खोडरबर. शेजारच्या वाण्याकडून किसमीच्या गोळ्या घेतल्या. वेलचीचा वास असलेली टॉफी म्हणजे माझ्या मते सुशिक्षित टॉफी. पूर्वी माझी नोकरी चर्चगेटला होती तेव्हा डोळे मिटूनही पार्ले स्टेशन आलेलं कळायचं. तो बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, पण किसमी उघडली की निदान त्या कंपनीची आठवण नाकाला होते. तरीही पिशवी घरी आणून ओतली तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, हे शाळा सुरू होतानाचं सामान आहे.”

मी पिशवी उचलून आंटींकडे गेले.

आंटी ईस्ट इंडियन. माहेर गोराईचं, बोटीनं जायचं. ‘ईस्ट इंडियन’ ऐकून मुलुंडच्या बहिणीनं त्यांना विचारलं होतं, “कलकत्त्याला कुठे?” साष्टी-वसईच्या या मराठी बोलणाऱ्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे नाव घेतलं. गोव्याकडून नोकरीला येणाऱ्यांहून आपण वेगळे, हे साहेबाला कळावं एवढाच हेतू. पश्चिम समुद्राला पाय लावून बसलेले लोक तेव्हापासून पूर्वेच्या नावानं ओळखले जातात.

“आमच्या लहानपणी मोजे कुठले, बाय?” आंटी म्हणाल्या. “पायात चप्पल असली तर नशीब. नाताळला नवा फ्रॉक, नाही तर ताईचा उसवून शिवलेला.” मग त्यांनी मला मोज्याची मूळ गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात मायरा गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. तिथल्या एका गरीब बापाला तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. निकोलसांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि त्या वाळत घातलेल्या मोज्यांत पडल्या, अशी कथा. मी गार. म्हणजे एवढ्या लाल-पांढऱ्या थाटाच्या मुळाशी हुंडा! सांताक्लॉज आपल्याकडे इतका पटकन कसा रुजला याचा मला उगीच अचंबा वाटत होता.

“त्या सोन्याच्या जागी मग लोक संत्रं घालायला लागले,” आंटी म्हणाल्या. “चवड्यात संत्रं घाल. सगळ्यात खाली.”

डिसेंबरात नागपुरी संत्र्यांनी हातगाड्या भरलेल्याच असतात. संत्रं गोल, टाचेतून मुकाट उतरतं. त्याला शिक्का लागत नाही, जिलेटिन नाही, ते वाजत नाही. सूचनांच्या सगळ्या कलमांतून पार होणारी रुमालानंतरची ही दुसरीच वस्तू. मी सुटकेचा निश्वास टाकला. आंटींनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीतल्या पेन्सिलींकडे पाहिलं. “सगळंच उपयोगाचं आहे,” त्या काळजीनं म्हणाल्या, जसं डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात. मग आत जाऊन त्यांनी एक खोका आणला. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेतून आणलेले पत्र्याचे हिरवे बेडूक, दोन डझन. पोटावर अंगठा दाबला की टिक, सोडला की टॅक.

“आंटी, वाजणारं काही नको असं ठरलंय. आणि याच्यावर शिक्का कुठेय?”

“शिक्का खेळण्याला लागतो ना? हे वाद्य आहे.”

कायद्याचा असा अर्थ सहाव्या मजल्यालाही सुचला नसता. मी बेडूक घेतले.

चोवीसच्या संध्याकाळपर्यंत मोजे आले. मुंबईत ‘स्टॉकिंग’ असतं कुणाकडे? बहुतेक शाळेचे पांढरे, इलॅस्टिक गेलेले. एक बाबांचा, भोक पडलेला. भोक अंगठ्याशी, म्हणजे संत्र्याच्याच जागी. एका हिशोबी मुलानं मोज्याऐवजी महाबळेश्वरची माकडटोपी आणली. आणि तिसऱ्या मजल्यावरची चिमुरडी जे घेऊन आली ते पाहून सगळी मुलं गप्प झाली. आजीचा व्हेरिकोज व्हेनचा मोजा. मांडीपर्यंतचा, मातकट रंगाचा, अस्सल. आमच्या इमारतीतलं एकमेव खरं स्टॉकिंग. त्यात बाकीच्या एकवीस जणांचं सामान मावलं असतं. तरी मी सगळ्यांना सारखंच भरलं. वाणाचा तो एक नियम मी सोडला नाही. उरलेली पोकळी वर्तमानपत्रानं भरली.

मोजे टांगायला धुरांडं नव्हतं म्हणून खाली पार्किंगमध्ये, गणपतीचा मंडप बांधतो त्या खांबांना दोरी बांधून चिमट्यांनी मोजे लावले. प्रत्येकाला फ्लॅट नंबरची चिठ्ठी. रात्री अकराला, मुलं झोपल्यावर, मी आणि आंटी भरायला बसलो. पार्किंगचा दिवा नेहमीप्रमाणे गेलेला, मोबाइलच्या उजेडात काम. आधी संत्रं, मग बेडूक, मग खोडरबर, खडू, आंटींनी खास बिनअंड्याचे केलेले कुलकुल, वर किसमी. दोरीच्या टोकाच्या एका मोज्याची चिठ्ठी पडली होती. वाण नेहमी दोन जास्तीचं आणायचं असतं, त्यामुळे माझी पंचाईत झाली नाही, तोही भरला. आंटी मिडनाइट माससाठी निघाल्या, मी झोपायला.

पंचवीसला सकाळी पावणेसातला पहिला टिक ऐकू आला. सातपर्यंत सगळे मजले टिकटॅकू लागले. खडूंची खोकी कुणी उघडली नाहीत. क्लचर मी बायकामाणसांत वाटले, तो वेगळा विषय. नव्या सोफ्याच्या बाईंनी मला जिन्यात गाठून बेडूक कुणाचे म्हणून विचारलं. मी आंटींचं नाव सांगितलं नाही, “सांताचे” म्हटलं. दुपारी सेक्रेटरींनी ग्रुपवर ध्वनिप्रदूषणाबद्दल लिहिलं. पाठोपाठ उपयोगी वस्तू सुचवणाऱ्या त्या आजोबांचा संदेश आला: “नातवाचा बेडूक माझ्याकडून बिघडला. जास्तीचा आहे का?” होता एक. तो त्यांना दिला.

त्याच सकाळी आठ वाजता रात्रीच्या वॉचमनकाकांची पाळी संपली होती. मी दूध घेऊन येत होते, तेव्हा ते खुर्चीवर एक पाय उघडा ठेवून बसलेले. मांडीवर खाकी मोजा, हातात संत्रं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले मोजे धुतले होते. एक खिडकीच्या गजावर टाकला आणि दुसऱ्याला रिकामी दोरी दिसली म्हणून तिथे घातला, वाळत. संत्र्याकडे आणि बेडकाकडे आळीपाळीनं बघत त्यांनी मला विचारलं, “मॅडम, दुसऱ्या पायाचं कुठे आहे?”

आता दर चोवीस डिसेंबरला ते दोन्ही मोजे त्याच दोरीवर वाळत घालतात, आणि मी वाण तीन जास्तीचं आणते.