वर्ध्याचा पद्मिनीधारक

आर्वीपासून हिंगणघाटपर्यंतच्या काळ्या मातीच्या मुलखात ज्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी उभी असते, अशा गृहस्थांचा वर्धा जिल्ह्यात एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो. हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो, आणि गाडीची वंशावळ त्याला स्वतःच्या कुळापेक्षा पक्की पाठ असते: वालचंद हिराचंद यांची कंपनी, तिचा कुर्ल्याचा कारखाना, १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट आणि सत्तरच्या दशकात तिला मिळालेले पद्मिनी हे नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा इतरांनी हळहळ व्यक्त केली. पद्मिनीधारकाने त्या वार्तेत सुट्या भागांची आशा तेवढी वाचली.

या वर्गाचे खरे शील पाटा बदलल्यावर प्रकट होते. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग असते, तर मागचा भार पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत पेलते, जिला गॅरेजमध्ये पाटा म्हणतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे रस्तेही तिच्याबरोबर उठतात-बसतात, त्यामुळे पाटा कधी ना कधी मोडतोच. पाटे जोडीने बदलावेत असे शास्त्र सांगते. पद्मिनीधारक काटकसरीने मोडलेला डावा तेवढाच बदलतो आणि त्याच संध्याकाळी टेप घेऊन अंगणात उकिडवा बसतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजण्याआधी जमीन सपाट, टायरांतील हवा योग्य आणि गाडी दोनदा दाबून सोडलेली असावी, हे नियम तो काटेकोर पाळतो; मात्र माप मनाजोगते न आल्यास दोष अंगणाला देतो.

आवाजाच्या बाबतीत त्याचा अधिकार याहून मोठा आहे. कोरड्या पट्ट्या एकमेकींवर घासल्याची कुईकुई, शॅकलमधल्या, म्हणजे पाट्याचे एक टोक झुलते ठेवणाऱ्या कडीमधल्या, झिजलेल्या रबरी बुशची टकटक आणि पाट्याला आसाशी आवळणारे यू-बोल्ट सैल झाल्याची खडखड, हे भेद तो झोपेतही सांगू शकतो, आणि पत्नीच्या मते सांगतोही. अडचण एवढीच, की मिस्त्रीच्या दारात गाडी शब्द काढत नाही आणि मिस्त्री "बसन ना साहेब आपोआप, चालवा तं खरं" एवढ्यावर प्रकरण मिटवतो. हा सल्ला निम्मा शास्त्रशुद्ध आहे, कारण नवा पाटा काही दिवस चालल्यावर थोडा बसतोच आणि तेव्हा यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात; परंतु आपोआप काही घडावे, हेच पद्मिनीधारकाला मंजूर नसते. तो डिकीत तुरीची पोती भरून सेवाग्राम-पवनारच्या फेऱ्या मारतो, आणि लग्नाला गाडीतून कोणी यायचे हे नात्यावर न ठरवता वजनावर ठरवतो, ज्यामुळे सडपातळ मावशींच्या वाट्याला एसटी येते.

गाडी मागून उंच राहण्याचे आणि कुरकुरण्याचे खरे कारण बहुधा साधे निघते. गाडी जॅकवर आणि चाके लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट पक्के आवळलेले असतात. गाडी खाली उतरली की पाटा सरळ होऊ पाहतो, पण बुशचे रबर आधीच्या स्थितीत जखडलेले असल्यामुळे पिळले जाते, मागचा भाग उचलून धरते आणि कुरकुरते. म्हणून बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, चांगली हलवून, तिच्या स्वतःच्या भाराखालीच ते आवळायचे असतात. एवढे केल्यावर गाडी खाली येते, आवाज थांबतो आणि श्रेय कोणाचे यावर मालक व मिस्त्री यांच्यात चहा होतो.

तरीही उजवी बाजू बोटभर खालीच राहते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, बहुतेक प्रवास एकट्यानेच करतो, त्यामुळे जुना उजवा पाटा इतक्या वर्षांत कोणाच्या भाराने बसला हे मिस्त्री न बोलता, केवळ मालकाच्या पोटाकडे पाहून सुचवतो. पद्मिनीधारक तो ठपका रस्त्याच्या उतारावर ढकलतो. मात्र त्या दिवसापासून गाडी पुतण्या चालवतो आणि हे गृहस्थ समतोलाच्या कारणास्तव मागे डाव्या बाजूला बसून त्याला गिअर कधी बदलावा ते सांगत असतात.