परत येईनच, पुरावा सोबत जोडला आहे

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याहून जवळचा समुद्र चेन्नईचा. होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. मंगळूरही साधारण तेवढंच, गोकर्ण आणखी थोडं लांब. रात्री स्लीपर कोचमध्ये आडवं व्हायचं, सकाळी लाटा मोजायच्या. एवढी सोय असल्यामुळेच आमच्या भागातल्या मराठी मंडळींना हे सगळे समुद्र यंदा बाद करावे लागले. ज्या समुद्राला जायला सही-शिक्का लागत नाही, तो समुद्र कसला? यंदा भूमध्यच.

त्याहून जवळचं पाणी हवं असेल तर चंदापुराचा तलाव आहे. त्यात वस्त्यांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी इतक्या निष्ठेने सोडलं गेलं की ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपयांची भरपाई भरायला सांगितली. पाचशे कोटींचं पाणी दाराशी असताना माणूस ग्रीसला कशाला जातो, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. पण त्या बाहेरच्याने आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचलेला नसतो.

सुरुवात सी ब्लॉकमधल्या सांगलीवाल्यांनी केली. तिकीट काढायच्या आधीच त्यांनी डीपीला सँटोरिनीचे निळे घुमट लावले. त्यावर बी ब्लॉकमधल्या नागपूरवाल्यांना मायोर्का जाहीर करणं भागच होतं. दर मे महिन्यात अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करून ठरल्या दिवशी कामावर हजर होणारे सोलापूरवाले काका, त्यांनीही तळमजला ते चौथा मजला एवढ्या लिफ्टच्या प्रवासात ‘आम्ही माल्टा म्हणतोय’ असं सांगून टाकलं. मायोर्का स्पेनमध्ये आहे हे नागपूरवाल्यांना व्हिसाचा फॉर्म भरताना कळलं. तोवर ते इटलीच्या वकिलातीवर नाराज होते.

या सगळ्याला थोडी मेट्रोही जबाबदार आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी यलो लाइनचं उद्घाटन झालं आणि आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हे १९ किलोमीटर डोक्यावरून जाऊ लागले. आधी सिल्क बोर्डच्या चौकात जो वेळ शिव्या देण्यात जायचा, तो एकदम मोकळा झाला. पहिल्या दिवसांत तर तीनच गाड्या होत्या, पंचवीस मिनिटांनी एक. तेवढ्या अवधीत फलाटावर उभ्या उभ्या एक बेट सहज बघून व्हायचं.

आणि बोम्मसंद्रा-जिगणी पट्ट्यातला माणूस आखणीला कमी नाही. इथे अर्धे लोक औषधं बनवतात, उरलेले अर्धे बनवणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. दोघांनाही लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. साहजिकच सहलीचंही बॅच रेकॉर्ड तयार होतं. काकांच्या एक्सेलमध्ये ‘विमान’, ‘फेरीबोट’ असे टॅब आहेतच, पण खरा जीव ‘डेव्हिएशन’ नावाच्या टॅबमध्ये आहे. ‘आईचे गुडघे दुखल्यास: टेकडी रद्द, खालूनच नमस्कार.’ टेकडीवर किल्ला आहे, देऊळ नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगूही नये.

आता अडचण अशी, की आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा यांची पत्रिका जुळत नाही. इथल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये. तेव्हा एजियन समुद्राचं पाणी सोळा ते एकोणीस अंशांच्या आत-बाहेर असतं. आमच्या नळाला त्याहून कोमट पाणी येतं, तरी गीझर बिघडला की लोक सेक्रेटरीच्या दारात उभे राहतात. पाणी पोहण्याजोगं होतं ते जुलै-ऑगस्टात. तेव्हा तिथे हवा तिशीच्या वर, त्यात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो आणि तो अंगात आल्यासारखा वागू लागला की फेरीबोटी रद्द होतात. नेमक्या त्याच दिवसांत समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या बंगळुरात सत्तावीस-अठ्ठावीस अंश, भुरभुर पाऊस आणि पंख्याचीही गरज नाही. ही हवा सोडून, शाळेत मुलाचा ताप कळवून, वर पर्सनल लोन काढून माणूस उकाड्यात जातो. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे १९ हजार लोकांना हॉटेलांतून आणि घरांतून हलवावं लागलं होतं. ही बातमी मी ग्रुपवर टाकली. खाली नागपूरवाल्यांचा शेरा आला, ‘आम्हाला ४६ डिग्रीची सवय आहे.’

उन्हाबद्दल आपली घरगुती समजूत पक्की होती. ऊन हे वाळवणासाठी, माणसासाठी सावली. ‘उन्हात हिंडू नकोस, काळा पडशील’ हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठं झालेलं नाही. भूमध्य समुद्राकाठी नेमकं उलटं. तिथे माणसं कुरडयांसारखी ओळीने वाळत घातलेली असतात आणि दुपारी आपली आपणच उलटतात. त्या खाटेचं आणि छत्रीचं भाडं वेगळं. सांगलीवाल्या वहिनींनी त्यासाठी पन्नास एसपीएफचं क्रीम, पूर्ण बाह्यांचा सनकोट, स्कार्फ आणि रुंद काठाची हॅट अशी खरेदी केली आहे. म्हणजे एवढ्या लांब जाऊन उन्हाला भेटायचं, पण पडद्याआडून. समुद्रातला कार्यक्रमही ठरलेला आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, चपला हातात धरायच्या, एक लाट पायावरून जाऊ द्यायची आणि ‘पाणी खारट आहे’ असं जाहीर करायचं. या कामाला अलिबाग पुरत असे.

गर्दीचं मात्र खरंच काही वाटून घ्यायला नको. सँटोरिनीवर वस्ती वीस हजारांच्या आत आणि वर्षाला पाहुणे तीस लाखांच्या वर. जुलै २०२४ मध्ये एकाच दिवशी क्रूझ जहाजांतून सतरा हजार माणसं उतरणार होती, तेव्हा तिथल्या एका पदाधिकाऱ्याने गावकऱ्यांनाच आवाहन केलं की आज शक्यतो घराबाहेर पडू नका. हे वाचून मला त्या गावकऱ्यांबद्दल एकदम आपुलकी वाटली. होसूर रोडवर राहणाऱ्यांना असं आवाहन कोणी करत नाही, आम्ही ते स्वतःच पाळतो. पुढे ग्रीसने क्रूझवाल्यांवर करही बसवला, सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो. सार्डिनियातल्या ला पेलोसा किनाऱ्यावर तर दिवसाला दीड हजारच माणसं, तिकीट साडेतीन युरो आणि टॉवेलाखाली चटई अंथरणं सक्तीचं, कारण टॉवेलाला चिकटून वाळू जाते. वाळू खिशात घालून निघालात तर दंड वेगळा. आमच्याकडे नदीपात्रातली वाळू ट्रकने जाते आणि ट्रकला कोणी चटई मागत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला पाणी नव्हतं. गाडी धुतली तर पाच हजार दंड होता आणि टँकरवाल्याला लोक ‘सर’ म्हणत होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सिसिलीत दुष्काळ पडला आणि अॅग्रिजेंटो भागातल्या छोट्या हॉटेलवाल्यांना पाण्याअभावी पाहुणे परत पाठवावे लागले. लिकाटा बंदरात तर नौदलाच्या जहाजाने पाणी आणलं. युरोपातला पाहुणा तिथे शॉवर बंद म्हणून चिडला असेल. बोम्मसंद्र्याचा माणूस अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून उरलेल्यात बनियन बुचकळेल. या बेटांच्या पर्यटन खात्यांनी आमच्याकडे गुणवान ग्राहक म्हणून पाहायला हवं. ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

सोलापूरवाल्या काकांना वाटतं, माल्टाला जाणारे आपल्याकडचे ते पहिलेच. तसं नाही. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजारांची फौज माल्टाला नेली. तीत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या आणि बंगळूरला छावणी असलेल्या मद्रास सॅपर्सची माणसंही. त्यातले काही पुढे सायप्रसलाही गेले. दोन बेटं, जेवणखाण सरकारकडून, वर पगार. कोणी त्यांना बँक स्टेटमेंट विचारलं नाही. परत येण्याचा इरादा आहे का, हेही नाही. इंग्रजांना ती चिंता उलट बाजूने असावी.

जेवणखाणावरून आठवलं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तुपाची बरणी आणि कंदी पेढे हा तिथे गुन्ह्याचा ऐवज. फळांनाही रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे ऐन हंगामातला हापूस घरीच ठेवून जायचा. दाखल्यातून पाच फळं सुटली आहेत: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. ड्युरियनचं आपल्याला काही नाही, पण उरलेली यादी ब्रुसेल्समध्ये कोणा भटजींनी केली असावी असं वाटतं. सत्यनारायणाची निम्मी तयारी झाली. ऑगस्टात गेलात तर नारळी पौर्णिमाही तिथेच उरकता येईल. दर्याला सोन्याचा नारळ देण्याची ऐपत व्हिसा फीनंतर उरत नाही, साधा चालेल.

फी माणशी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. जून २०२४ पर्यंत मोठ्यांना ८० होती. युरोने शंभर रुपये ओलांडल्यापासून हा हिशेब पाठच करायला नको, शून्यं लावली की झालं. अर्ज नाकारला तरी फी परत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांवर अर्ज गेले आणि एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास नाकारले गेले. एवढ्या लोकांनी समुद्र न पाहता समुद्राचे पैसे भरले.

नाकारण्याच्या छापील कारणांत एक फार मानी कारण आहे. अर्जदार मुदत संपण्यापूर्वी परत जाईल, याबद्दल वाजवी शंका. म्हणून सगळी कागदपत्रं त्या एका शंकेच्या निरसनासाठी. तिथे काय बघणार हे कोणी फारसं विचारत नाही, इथे कशाने बांधलेले आहात ते दाखवा. सॅलरी स्लिप, आयकराची विवरणपत्रं, कंपनीचं रजेचं पत्र, तीस हजार युरोंचा विमा, खात्यातली शिल्लक. ही शिल्लक एकदम फुगली तरी संशय येतो, म्हणून सहा महिने आधीपासून मेहुण्याचे पैसे हप्त्याहप्त्याने येऊन राहतात. ज्या गृहकर्जाचा विषय निघाला की माणूस एरवी टीव्हीचा आवाज वाढवतो, त्याचं पत्र आता लॅमिनेट करून सर्वात वर ठेवलेलं असतं. फ्लॅटचा ई-खाता, म्हणजे मालमत्तेची डिजिटल नोंद, तीही जोडतात. ज्यांचा नियमांत पुरता न बसणारा ‘बी खाता’ निघाला, त्यांना आपली परत येण्याची इच्छाही बी ग्रेडची समजली जाईल की काय, अशी धास्ती आहे. नागपूरवाल्यांनी लग्नाच्या दाखल्यासोबत लग्नपत्रिकाही जोडली, ‘आहेर आणू नये’ या ओळीसकट.

वर्तमानपत्रात लिहितो म्हणून सोसायटीतली कव्हरिंग लेटरं माझ्याकडे येतात. सांगलीवाल्यांसाठी केलेला मसुदा, त्यांच्या परवानगीने, इतरांच्या सोयीसाठी देतो:

‘महोदय, मी दहा दिवसांत परत येईन याची कारणं अशी. माझ्या फ्लॅटचे हप्ते अजून बरीच वर्षं चालणार आहेत आणि बँकेला माझ्या आई-वडिलांचाही पत्ता माहीत आहे. धाकट्याची वर्षाची फी भरलेली असून तीही आपल्या फीप्रमाणेच परत मिळत नाही. भाद्रपदात आमच्याकडे गौरी बसतात, खड्यांच्या नव्हे, उभ्या. त्या दुसऱ्या कोणाकडे बसवता येत नाहीत. सोसायटीच्या टँकर समितीचा मी सदस्य आहे आणि पहाटेच्या टँकरच्या पावतीवर माझी सही चालते. आईने घातलेलं लोणचं माझ्या खोलीत मुरत आहे. या कशानेही आपलं समाधान होत नसेल, तर विनंती की पुढील बाब विचारात घ्यावी. तळघरात लिफ्टजवळ, खांबाचा अडथळा नसलेली माझी पार्किंगची जागा आहे. अकराव्या दिवशी ती रिकामी दिसली, तर तिथे बी ब्लॉकमधल्या एका गृहस्थांची दुसरी गाडी उभी असेल. ते गृहस्थही आपल्याचकडे अर्ज करणार आहेत. कृपया त्यांचा व्हिसा आमच्या तारखांनाच द्यावा.’